मदत हवी आहे: शेवटचं सुखद वळण ओढूनताणून वाटतंय
मंडळी, एक अद्भुतकथा लिहितेय. शेवटी सगळं संपलं असं वाटत असतानाच आटलेल्या विहिरीला पाणी लागतं आणि गाव वाचतं. बहिणीने वाचून विचारलं, "हे काय, देव पावला आणि गोष्ट संपली?" बोचलं, पण खरं आहे.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्कीनने १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं. त्यावरून झालेल्या निबंधात अशा वळणाला त्याने स्वतः घडवलेला शब्द आहे, 'युकॅटॅस्ट्रॉफी'. त्याच्या या कादंबरीत नायक फ्रोडो दुष्ट अंगठी आगीत टाकून नष्ट करायला निघालेला असतो, पण ऐनवेळी कच खातो, अंगठी टाकतच नाही. अंगठीने झपाटलेला गॉलम ती फ्रोडोच्या बोटासकट तोडतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. योगायोगच की! तरी खटकत नाही, कारण आधी बिल्बोने (फ्रोडोआधी अंगठी त्याच्याकडे होती) आणि मग फ्रोडोने दया येऊन गॉलमला जिवंत सोडलेलं असतं. (शेवटी फ्रोडोला वाचवायला येणारे गरुड मात्र मला अजून खटकतात.)

माझ्याकडे असं आधी पेरलेलं बी एकच आहे: तिसऱ्या प्रकरणात आजी त्या कोरड्या विहिरीत रोज तांब्याभर पाणी ओतते. ते ठळक केलं तर वाचक शेवट ओळखतील, पुसट ठेवलं तर विसरतील. तुम्ही हे कसं जमवता? आजीला मध्येच पुन्हा एकदा आणू का?