मदत हवी आहे: ओढ्यातल्या पाखरांचे फोटो, आवाज न वाजवता

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याचा. यवतेश्वराच्या पायथ्याला, महादऱ्याच्या बाजूला पाखरं बघायला जातो. फाल्गुनात तिथली बरीच झाडं उघडी पडतात आणि एरवी नुसती ऐकू येणारी पाखरं दिसायला लागतात. पांगारा फुलला की शिंजीर, कोतवाल, भोरड्या सगळे मधासाठी हजर. उजेडही भरपूर, त्यामुळे तिथे फोटोची काही अडचण नाही. अडचण आहे ती खाली ओढ्यात.

ओढ्याची धार आता तुटली आहे. एका जांभळीच्या मुळाशी परातीएवढं डबकं उरलंय आणि आसपासची सगळी पाखरं त्यावर येतात. टिकेलचा निळा माशीमार येतो. नारिंगी डोक्याचा कस्तूर पाचोळा उलटत उलटत येतो, गालावरच्या दोन उभ्या काळसर रेघांमुळे लगेच ओळखू येतो. आणि दुपारी येतो स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर. हा पाण्याशी बसतच नाही. वरच्या फांदीवरून सूर मारतो, पोट पाण्याला टेकवतो आणि पुन्हा फांदीवर. मग पिसं झटकतो. शेपटीच्या दोन लांब फिती ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात, त्या चोचीने सोडवत राहतो. इतकं देखणं दृश्य आपल्या गावाच्या उशाशी आहे, ते नीट टिपता यावं अशी फार इच्छा आहे.

कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स ७०-३०० मिमीची. जांभळीच्या गच्च सावलीत आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, ३२०० करूनही शटर १/१२५ सेकंदाच्या वर जात नाही. नर्तकाचा फोटो एक तर हललेला येतो, नाहीतर तो नुसता पांढरा डाग दिसतो, पिसांची एक रेघ दिसत नाही. कस्तूर तर मी जरा हाललो की गायब.

एका ग्रुपवर विचारलं तर सल्ला आला की मोबाईलवर नर्तकाचाच आवाज वाजव, समोर येऊन बसेल. येईलही. पण हे दिवस विणीचे आहेत. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो धावून येणार, घरट्याची जागा आणि खाणं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसणार. हे मला करायचं नाही आणि त्या वाटेचा सल्लाही नको आहे. घरट्याचे फोटोही नकोत.

तर जाणकारांनी सांगावं: या उजेडात सेटिंग काय ठेवू? बसायचं कुठे आणि कसं? डबकं आटत चाललंय, त्यात पाणी ओतलं तर चालेल का? शिवाय दिवसभर ‘कुटुर्र कुटुर्र’ चालू असतं, तो कुटुर्गा नेमका कुठला हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

दादा, आवाज वाजवायचा नाही हे पक्कं ठरवलंत, फार बरं वाटलं. पाण्याशी वाट बघत बसणाऱ्या फोटोवाल्याला त्याची गरजही नसते, पाखरू स्वतःच येतं.

आधी पांढऱ्या नराचं बघू. मागे काळोख असला की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच अंधारलंय, म्हणून तो उजेड वाढवतो आणि पांढरी पिसं जळतात. त्यामुळे मॅन्युअलवर या, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते तुम्हीच ठरवा. नर ज्या फांदीवर बसतो तिथे, पाखरं नसताना, पांढरा रुमाल टाकून एक फोटो काढा. जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो (ती सूचना कॅमेऱ्यात चालू करून ठेवा), तर रुमाल लुकलुकायचा थांबेपर्यंत उजेड कमी करा, मग रुमाल काढून घ्या. उजेड कमी लागला की शटर वाढवायला जागा मिळते. बसलेल्या पाखराला १/२५० पुरतं, लेन्स दगडावर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि एकदम पाच-सहा फोटो घ्या. त्यातला एखादा स्थिर निघतोच. सूर मारतानाचा फोटो मात्र त्या सावलीत जमणार नाही, त्याला १/१००० च्या पुढे लागतं. तो क्षण डोळ्यांनी बघा. नर्तक फांदीवर पिसं झटकायला बसतो तो फोटो जास्त बोलका येईल.

उलट कुटुर्गा आभाळासमोर शेंड्यावर बसलेला असतो, तेव्हा उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा, नाहीतर काळी आकृती येईल.

प्रतिसाद २

मी सांगलीकडची. बसण्याबद्दल लिहिते. आईची जुनी मातकट साडी दोन झुडपांना बांधून आडोसा करा, आणि तो आदल्या संध्याकाळी करून ठेवा, म्हणजे सकाळी पाखरांना काही नवं वाटणार नाही. जमिनीलगत बसा, पाण्यापासून दहा-पंधरा मीटर लांब. पाखरं झाडीतून ज्या बाजूने पाण्याकडे उतरतात ती बाजू मोकळी सोडा, हे सगळ्यात महत्त्वाचं. वाट अडली की कस्तूर दिवसभर तहानलेला राहतो.

पाणी ओतायची घाई नको. जवळ दुसरं पाणी असेल तर पाखरं तिकडे जातात. ओतायचंच तर वनखात्याच्या माणसांशी बोलून, आणि एकदा सुरू केलंत की पावसापर्यंत खंड पडता कामा नये. सवय लावून मध्येच सोडणं वाईट.

कुटुर्ग्याचं सोपं आहे. डोळ्याभोवती चोचीपर्यंत पोचलेला पिवळसर-नारिंगी उघडा पट्टा असेल तर तपकिरी डोक्याचा. डोळ्याखाली ठसठशीत पांढरा पट्टा असेल तर पांढऱ्या गालाचा, तो घाटातल्या दाट झाडीचा. आवाजावर जाऊ नका, दोघांचा सारखाच वाटतो. आवाज ऐकून पाखरू ओळखणारं मर्लिन ॲप ऐकण्यापुरतंच वापरा, त्यातला आवाज वाजवू नका.

उजेडाचा सराव करायला एकदा सागरेश्वरला या. लोकांनी झाडं लावून वाढवलेलं रान आहे, पानगळीत मोकळं असतं, ७०-३०० तिथे पुरते.

धागाकर्ता

दादा, ताई, मनापासून आभार. रुमालाची युक्ती उद्याच करून बघतो. पाण्याचं वनरक्षकांना विचारतो. एक राहिलं: पलीकडच्या डोंगरावर काल वणवा दिसला, गवत जळतंय. जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांचे हेच दिवस. रविवारी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काढायला कोणी सातारकर येणार असतील तर इथेच कळवा, वनखात्याशी बोलून वेळ ठरवू.