मदत हवी आहे: पुराचा गाळ उपसण्याचा खर्च विम्यात कसा धरतात?

चिपळूणला आमच्या तळमजल्याच्या घरात वाशिष्ठी नदीचं पाणी कमरेएवढं चढलं होतं. घरविम्याची पॉलिसी भारत गृह रक्षा, इमारत आणि सामान दोन्हींची. वेगळं अ‍ॅड-ऑन (जादा संरक्षण) घेतलेलं नाही. विमा कंपनीकडून नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने तोंडी ४,२०,००० रुपयांचं नुकसान धरलंय, अंतिम अहवाल बाकी आहे. राडारोडा हटवायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंतच मिळतात, म्हणजे ८,४०० रुपये. प्रत्यक्षात सफाईला ३८,००० गेले. ओट्याखाली वीतभर गाळ वाळून इतका घट्ट बसला होता की पहारीने फोडावा लागला.

सफाईआधीचे फोटो आहेत. मजुरांना रोख दिले, पण सह्या घेतलेली व्हाउचरं आहेत. एजंट म्हणतो, २ टक्क्यांच्या वर विसरा. मला ते पटत नाही. पडलेलं प्लास्टर, फुगलेलं फर्निचर फेकणं हा राडारोडा; पण भिंती धुणं, पाण्याची टाकी आणि वायरिंगचे बॉक्स साफ करणं म्हणजे घर पूर्ववत करणंच ना?

कुणाच्या दाव्यात असा खर्च दुरुस्तीत धरला गेलाय का? आणि अहवाल जाण्याआधी सर्व्हेअरला बिलं कशी वेगळी करून द्यावीत?