छोट्या वाचनालयातली रोजची कामं : दाखल नोंदवहीपासून खळीच्या पातेल्यापर्यंत

तारीखचिठ्ठी
दिवाळी अंकांच्या जाहिराती दिसायला लागल्या आणि पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास आठवला. ग्रंथपाल दिवसभर खुर्चीत बसून पुस्तकं वाचतो असं अजून पुष्कळांना वाटतं. ज्यांना आतलं काम माहीत आहे त्यांनी इथे लिहा. नव्याने रुजू होणाऱ्यांना फार उपयोग होतो.

सुरुवात नव्या पुस्तकापासून करते. गठ्ठा सोडला की आधी बिलाशी ताडून बघायचं आणि मग प्रत्येक प्रत चाळायची. १६ पानांचा अख्खा फर्मा गायब असतो, उलटा लागलेला असतो किंवा दोनदा आलेला असतो. हे शिक्का मारण्याआधीच बघायला हवं, कारण शिक्का पडलेली प्रत विक्रेता सहसा परत घेत नाही. मग दाखल नोंदवही: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, बिल क्रमांक, शेवटी शेरा. बिलावरही प्रत्येक पुस्तकासमोर दाखल क्रमांक टाकायचा, म्हणजे तपासणीच्या वेळी शोधाशोध नको. शिक्का नामपृष्ठावर, शेवटच्या पानावर आणि गुप्त पानावर. गुप्त पान प्रत्येक वाचनालयाचं ठरलेलं असतं, समजा २५. पुस्तकाचं पहिलं पान फाडलं तरी त्यावरून ते कुणाचं हे कळतं. चित्रावर शिक्का कधीच मारू नये.

पुठ्ठा-दोरा
खळीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा गुठळ्या मोडून कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन चकाकी आली की उतरवायचं. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. तो विषारी असतो, म्हणून भांडं वेगळं आणि झाकणावर ठळक चिठ्ठी. मोरचूद घालायचा असेल तर लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, त्याला खातो. इनॅमल घ्या.

दिवाळी अंकांना बहुधा पिना असतात आणि त्या पावसाळ्यात गंजून कागद खातात. अंक आला की पिना काढायच्या, कण्यापासून अर्धा सेंटीमीटर आत भोकं पाडून दोऱ्याने शिवायचं, वर जाड कव्हर. जाड पुस्तकाला मात्र असं बाजूने शिवू नका, पान सपाट उघडत नाही आणि वाचक दाबून दाबून कणा मोडतो. त्याला जुजबंदीच हवी, म्हणजे एकेक फर्मा घडीतून दोऱ्याने शिवलेला.

आणि कृपा करून सेलोटेप नको!! दोन-चार वर्षांत टेप निघून येते, डिंक कागदात मुरून तपकिरी पट्टा राहतो आणि तो जात नाही. फाटलेल्या जागी पातळ टिश्यू कागद आणि पातळ खळ.

संध्याकाळची पाळी
अंक परत आला की राशिभविष्याचं आणि पाककृतींचं पान आधी बघा 😄 सभासद समोर उभा असतानाच बघायचं, नंतर कुणी कबूल होत नाही. बाकी नंतर लिहिते, खिडकीवर गर्दी आहे.

कोकणी कपाट
आमच्याकडे जून ते सप्टेंबर बुरशीशीच सामना. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर. पुस्तकं ठासून भरायची नाहीत, हवा खेळायला जागा हवी. बुरशी दिसली की ते पुस्तक आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. सावलीत वाऱ्यावर वाळवा, पूर्ण कोरडं झालं की नाकाला फडकं बांधून बाहेर मऊ ब्रशने झाडा. ओलं असताना पुसलं तर डाग आत जातो. कडक उन्हात ठेवलं की पानं वाकडी होतात, पुठ्ठा उलटा वळतो. कडुनिंबाचा पाला ठेवणार असाल तर खडखडीत वाळलेला, ओल्या पाल्याने उलट दमट होतं. डांबर गोळ्या बंद कपाटात किड्यांना दूर ठेवतात, बुरशीला त्यांचा काही उपयोग नाही. वाळवीसाठी पुस्तकं नव्हे, भिंत आणि कपाटाची मागची बाजू बघा. मातीची बारीक नळी दिसली की त्याच दिवशी कपाट रिकामं.

मंडळाचं कपाट, बंगळुरू
ड्यूईच्या दशांश वर्गीकरण पद्धतीने मराठी कादंबरी सगळी ८९१.४६३ मध्ये जाते. जिथे बहुतेक पुस्तकं कादंबऱ्याच, तिथे त्या आकड्याने शोधायला काहीच मदत होत नाही. ‘क’ म्हणजे कादंबरी, पुढे आडनावाची पहिली तीन अक्षरं, असं चालतं. पण टोपणनावांचं काय करता? कवितेवर कुसुमाग्रज, नाटकावर वि. वा. शिरवाडकर.

तारीखचिठ्ठी
@मंडळाचं कपाट, पुस्तकावर छापलेल्या नावाखाली ठेवा, कारण वाचक तेच नाव विचारतो. यादीत मात्र दोन्हीकडे ‘हेही पहा’. राम गणेश गडकरी–गोविंदाग्रज, अत्रे–केशवकुमार, सगळ्यांना एकच नियम. नियम कुठला का असेना, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ग्रंथपाल बदलला की तिथेच घोळ होतो.

क वर्ग
सगळे पुस्तकांबद्दल लिहिताय, मार्च महिन्याबद्दल कुणी बोलत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयाचं अनुदान वर्गावर, म्हणजे अ, ब, क, ड वर, आणि वर्ग टिकतो नोंदींवर. ग्रंथखरेदीची बिलं ३१ मार्चच्या आतली आणि वाचनालयाच्याच नावाची हवीत. रोजकीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, रोज. ‘आठवड्याचं एकदम लिहू’ म्हटलं की पावती पुस्तक आणि शिल्लक जुळत नाही. अनामत आणि वर्गणी वेगळी दाखवा. अनामत परत द्यायची असते, ती जमेत धरून खर्च केली की सभासद सोडून जाताना पैसे नसतात.

एवढं सगळं तुटपुंज्या मानधनावर करणाऱ्यांबद्दल मला खरंच आदर वाटतो.

संध्याकाळची पाळी
@क वर्ग 🙏 अगदी. आता देवघेव. परत आलेलं पुस्तक त्याच दिवशी जागेवर गेलं पाहिजे. टेबलावर ढीग राहिला की वहीत ‘आत’ आणि कपाटात नाही, मग हरवलं म्हणून बोंब. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक पुढच्या मोजणीपर्यंत हरवलेलंच समजा.

अभ्यासिकेतली मुलं नोकरीच्या जाहिराती कापून नेतात म्हणून तक्रारी असतात. त्यांना बोलून उपयोग नाही, त्यांना ती जाहिरात हवीच असते. सकाळीच झेरॉक्स काढून फलकावर लावा, कात्री थांबते.

पेठेतली वाचक
आमच्या ग्रंथपाल बाईंना हा धागा दाखवते. इनॅमलचं पातेलं आता कुठे मिळतं पण?

पुठ्ठा-दोरा
जुन्या बाजारात. नाहीतर स्टीलचं चालेल, खळ त्यात साठवू मात्र नका. काचेच्या बरणीत काढा.

नवीन रुजू
खूप उपयोगी धागा. एक शंका: निर्लेखन केलेल्या, म्हणजे रद्द करून संग्रहातून काढलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला देता येतो का?

तारीखचिठ्ठी
नाही, कधीच नाही. आधी यादी, मग कार्यकारी मंडळाचा ठराव, पुस्तकावर ‘रद्द’ शिक्का आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ठरावाचा क्रमांक व तारीख. तो क्रमांक तसाच रिकामा राहतो. नवं पुस्तक शेवटच्या क्रमांकाच्या पुढेच.