मुदत कमी करून भागत नाही
एकाच डेटाबेसवर अनेक काउंटर चालतात, तेव्हा प्रत्येक काउंटरच्या मशीनवरच्या (क्लायंटवरच्या) कॅशेत, म्हणजे डेटाच्या तात्पुरत्या प्रतीत, शिळा साठा दिसत राहतो. त्यावर सुचवलं जातं की या कॅशेची मुदत पाच सेकंदांवर आणा, प्रश्न मिटेल. नाही मिटत. म्हापशातल्या एका औषधांच्या घाऊक दुकानात मी हेच करून पाहिलंय. पडद्यावर १२ स्ट्रिप्स शिल्लक दिसत होत्या आणि दोन काउंटरांनी तीन सेकंदांच्या आत त्याच १२ स्ट्रिप्सची दोन बिलं फाडली. शिवाय सर्व्हरवर काहीही बदललेलं नसतानाही सगळी मशीनं त्याला सारखी विचारत बसायची.

मग पोस्टग्रेस या डेटाबेसचं लिसन-नोटिफाय लावलं: मशीनांनी लिसन करून ठेवायचं आणि बदल झाला की नोटिफायने त्यांना सूचना जाते. सूचना व्यवहार कमिट (कायम) झाल्यावरच सुटते, हे फार मोलाचं. रोलबॅक झालेल्या, म्हणजे मागे घेतलेल्या व्यवहाराची खोटी वर्दी जात नाही. पण कनेक्शन तुटलेलं असताना आलेल्या सूचना गेल्या त्या गेल्याच. आमच्याकडे जुलैच्या पावसात वीज जाणं, राउटर बंद पडणं नेहमीचंच. म्हणून पुन्हा जोडणी झाली की आधी लिसन, ते कमिट झालं की मग कॅशे रिकामा करून ताजा डेटा. क्रम उलटा केलात तर मधला बदल निसटतो.

आणि विक्री नोंदवताना अपडेट आदेशाच्या व्हेअर अटीत ओळ वाचताना मिळालेला आवृत्ती क्रमांक (दर बदलाला वाढणारा) घालाच. शून्य ओळी बदलल्या, म्हणजे मधे दुसऱ्या कुणी ती बदलली, तर ती ओळ परत वाचून गिऱ्हाइकाला खरा साठा सांगा.