लिव्हिंग विल: नोटरी पुरते का, आणि कागदच नसेल तर निर्णय कोणाचा?

संघचालक_पूर्व
ज्येष्ठ नागरिक संघात लिव्हिंग विलचे (आपण बोलू शकत नसू तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा कागद) छापील नमुने वाटायचे आहेत. हाती आलेल्या नमुन्यात ‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी’ असा रकाना आहे. ती सही अजून लागते का? मजकूर एकाच ओळीचा आहे: ‘मला कृत्रिम उपायांनी जिवंत ठेवू नये.’ एवढं पुरेल का? बऱ्याच सभासदांनी मुलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलंय, त्यांना हा वेगळा कागद कशाला ते कळत नाही. आणि ज्याने काहीच लिहून ठेवलेलं नाही, तो बेशुद्ध असेल तर कोणाला विचारतात?

कलम_२२६
तो नमुना रद्दीत घाला. न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट ९ मार्च २०१८ च्या, ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवरच्या निकालातली. ती पाळणं जवळपास अशक्य होतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ ला ती काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन करून घ्यायचं. साक्षीदार शक्यतो घरचे नकोत. स्टॅम्प पेपरची अट निकालात कुठेही नाही. नोटरीने मागितला तर ती त्याची पद्धत समजा.

कुलमुखत्यारपत्राचा इथे उपयोग नाही. मुखत्यारी ही करार कायद्यातली एजन्सी, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचा अधिकार. कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की ती संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद लटका पडतो. कोमातल्या माणसाचं बँक खातं चालवायलाही नातेवाइकांना उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते, ती याचमुळे.

शीर्षकात नुसतं ‘इच्छापत्र’ लिहू नका. घरचे ते मालमत्तेचं समजून कपाटात ठेवतात आणि तेराव्यानंतर उघडतात. ‘वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल)’ असं ठळक लिहा.

अतिदक्षता_रात्रपाळी
मजकुराबद्दल मी लिहितो, कारण आयसीयूत घोडं तिथेच अडतं. ‘कृत्रिम उपाय’ म्हणजे काय? सलाईनसुद्धा कृत्रिमच. मजकूर संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळ (डॉक्टरांची समिती) तो अमलात आणत नाही. कागद नसलेल्या रुग्णाचीच पद्धत मग लागू होते. तेव्हा उपाय नावानिशी लिहा: छाती दाबून पुनरुज्जीवन (सीपीआर), व्हेंटिलेटर, ट्रॅकिओस्टोमी (श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी), डायलिसिस, पोटातली फीडिंग ट्यूब. प्रत्येकापुढे ‘नको’, ‘हवं’ किंवा ‘ठरावीक दिवस करून पाहा, सुधारणा नसेल तर काढा’. हा तिसरा पर्याय लोक विसरतात. न्यूमोनियात पाच-सात दिवसांचं व्हेंटिलेटर माणसाला घरी परत आणू शकतं. सरसकट ‘नको’ लिहिलं तर तीही संधी जाते.

परिस्थितीही लिहा: बरं होण्याची आशा नसलेला, लांबलेला आजार. आणि वेदनाशामकं, धाप कमी करणारी औषधं, तोंड-घसा साफ ठेवणं हे शेवटपर्यंत चालू राहावं, असंही. उपचार थांबवणं म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणं नव्हे, हे नातेवाइकांना पटवताना ही ओळ फार कामी येते.

हा कागद रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल तेव्हाच लागू होतो. शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारायचं, कागदात काहीही असो. (मेंदूमृत्यू हा वेगळा विषय, त्याचा कायदा वेगळा. दोन्हींची सरमिसळ रोज होते.)

कलम_२२६
अंमलबजावणीचा क्रम: उपचार करणारे डॉक्टर कागद खरा असल्याची खात्री करतात. मग रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ बसतं, त्यात ते स्वतः आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यानंतर दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्हींनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यायचं. कागदात आपल्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेल्या माणसांची संमती लागतेच. व्हेंटिलेटर काढण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. नुसतं कळवायचं, परवानगी मागायची नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय.

कागदच नसेल तर मंडळं हीच, संमती मात्र जवळच्या नातेवाइकांची. यात पत्नी आधी की थोरला मुलगा, असा पक्का क्रम कायद्याने दिलेला नाही. दोन भावांचं पटलं नाही की डॉक्टर हात आखडता घेतात आणि उपचार चालू राहतात. म्हणून नाव लिहून ठेवण्याला महत्त्व आहे. २०२३ पासून एकाहून जास्त नावं देता येतात.

अतिदक्षता_रात्रपाळी
पण तीन मुलांची तिन्ही नावं ‘कोणी नाराज नको’ म्हणून घालू नका, नाहीतर तोच तंटा नोटरीच्या शिक्क्यासह माझ्यासमोर येतो. एक मुख्य, एक पर्यायी. फोन उचलणारा माणूस निवडा, लाडका नव्हे.

आणखी एक. हा रस्ता लांबचा वाटला की घरचे ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ घेतात. रुग्ण व्हेंटिलेटरवरून थेट घरी जातो, तिथे वेदना आणि धाप कमी करणारं मॉर्फिन नाही, घशातला कफ ओढून काढणारं सक्शन नाही. धाप लागून जाण्यासारखा वाईट प्रकार नाही. त्याऐवजी पॅलिएटिव्ह केअरची (वेदना आणि त्रास कमी करणारी) टीम बोलवायला सांगा.

संघचालक_पूर्व
दोघांचेही आभार. आता दोनच शंका. स्मृतिभ्रंशाची नुकतीच सुरुवात झालेल्यांना सही करता येईल का? आणि प्रती कुठे द्यायच्या?

कलम_२२६
करत असलेल्या गोष्टीचा अर्थ समजत असेल तर येईल. ‘समजून-उमजून निर्णय घेण्यास सक्षम’ असा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा घ्या. निकालात ही अट नाही, पण पुढे आव्हान आलं तर तोच उभा राहतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खालचा आगाऊ निर्देश (आधी लिहून ठेवलेली उपचारांची इच्छा) मात्र मनोविकारावरच्या उपचारांपुरता, तो व्हेंटिलेटरला चालत नाही.

एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. ती सांभाळायला ते कस्टोडियन नेमतात. पोच घ्या. एक प्रत फॅमिली डॉक्टरांना, एकेक नेमलेल्या माणसांना. मत बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं, पण रद्द करायलाही तेच साक्षीदार-नोटरी. दोन कागद सापडले तर शेवटचा धरतात, म्हणून तारीख ठळक टाका.

अतिदक्षता_रात्रपाळी
आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. आमच्याकडे रुग्ण रात्री दोनला येतो. आधारकार्ड ठेवता त्याच पाकिटात एक झेरॉक्स.