मदत हवी आहे : रोमन लिप्यंतरातील टिंबे आणि रेघा टंकित करण्याबाबत

एका संस्कृत स्तोत्रसंग्रहाची शब्दसूची मी रोमन लिपीत, आंतरराष्ट्रीय लिप्यंतर पद्धतीने तयार करत आहे. तीत ‘आ’साठी डोक्यावर आडवी रेघ असलेला ए, तर ‘ट’साठी खाली टिंब असलेला टी लागतो. विंडोजमधील ‘युनायटेड स्टेट्स इंटरनॅशनल’ हा कळफलक वापरून पाहिला. त्यावर फ्रेंच, जर्मन अक्षरे सहज उमटतात, पण ही रेघ किंवा हे टिंब मिळत नाही. शिवाय अवतरणचिन्हाची कळ पुढचे अक्षर दाबेपर्यंत गप्प बसते, ते वेगळेच.

सध्या वर्डमध्ये ०१०१ हा त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक (युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) लिहून ऑल्ट आणि एक्स दाबतो, की रेघेचा ए उमटतो. टिंबाच्या टीसाठी १ई६डी. दोन-चार शब्दांपुरते हे ठीक आहे, परंतु सूचीत हजारभर नोंदी आहेत. त्यातच माझ्या सहकाऱ्यांनी साध्या अक्षरापुढे सुटे टिंब जोडून काही नोंदी केल्याने, पडद्यावर अगदी सारखे दिसणारे दोन शब्द युनिकोडच्या दृष्टीने वेगळे ठरतात आणि शोध घेतल्यावर एकच सापडतो.

‘मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर’ने स्वतःचा कळफलक कोणी बनवला आहे का? टिंब आणि रेघ यांना कोणत्या कळा दिल्यात? तसेच सुट्या टिंबांच्या जुन्या नोंदी एकसंध अक्षरांत एकगठ्ठा बदलण्याची खात्रीची रीत कृपया सांगावी.