अनुभव धागा : खर्च करण्याआधी तुम्ही काय विचार करता?

पैसे समजून-उमजून वापरण्याविषयी सल्ले पुष्कळ मिळतात. ते अमलात आणून पाहिलेल्यांचे अनुभव मात्र क्वचितच वाचायला मिळतात, म्हणून हा धागा सुरू करते आहे. आरंभ माझ्यापासून. जपानी पत्रकार हानी मोतोको यांनी १९०४ मध्ये घरगुती जमाखर्चाची वही तयार केली आणि त्यातून पुढे ‘काकेबो’ ही पद्धत रूढ झाली, हे वाचून मीही हाताने हिशेब लिहू लागले. रकमेपुढे ‘का घेतले’ असा एक रकाना वाढवला. तीन महिन्यांनी वही चाळताना लक्षात आले, की नंतर नकोशी वाटलेली बहुतेक खरेदी कामावरून उशिरा परतलेल्या रात्री मोबाइलवर झाली होती. दिवसभराचा शीण घालवण्यासाठी मी वस्तू मागवत होते. आता रात्री निवडलेली वस्तू सकाळपर्यंत यादीतच राहते.

—

रकान्याची कल्पना आवडली. माझा अनुभव क्रेडिट कार्डाचा आहे. देयकावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असे आणि तेवढी भरली की महिना निभावला, असे मी मानत असे. व्याज दरमहा ३ टक्के होते. ते वर्षाला ३६ टक्के पडत असेल, असा माझा समज होता. चक्रवाढीने ते सुमारे ४२.६ टक्के होते, हे एका रात्री कागदावर मांडल्यावर कळले. त्यानंतर कार्ड कपाटात ठेवले आणि सर्वाधिक व्याजाची थकबाकी आधी, या क्रमाने सगळे फेडले. दोन वर्षे लागली. या काळात घरच्यांपासून काही लपवले नाही, याचा मला मोठा आधार वाटला.

—

आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गण्या एकदा मोजून पाहा. माझ्या सात निघाल्या. वापरात दोन होत्या.

—

अर्थशास्त्राचे २०१७ चे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी मांडले आहे, की माणूस मनात पैशांचे वेगवेगळे कप्पे करतो. आम्ही दोघांनी या सवयीचाच उपयोग केला. विम्याच्या वार्षिक हप्त्याचा बारावा भाग दर महिन्याला वेगळ्या खात्यात जातो, आणि प्रत्येकाकडे थोडी रक्कम अशी असते, जिचा हिशेब दुसऱ्याने विचारायचा नाही. आमची भांडणे या दुसऱ्या नियमामुळे कमी झाली.

—

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. मी अतिशय काटेकोर हिशेब ठेवत असे आणि शिल्लक वाढताना पाहून समाधान मानत असे. आईला कमी ऐकू येऊ लागले, तेव्हा श्रवणयंत्राची खरेदी मी ‘पुढच्या तिमाहीत’ म्हणत वर्षभर लांबवली. पैसे होते. यंत्र आणल्यावर तिने पहिल्याच दिवशी विचारले, “तू इतक्या हळू आवाजात बोलतोस का नेहमी?” आता माझ्या वहीत ‘लांबवू नये असे खर्च’ हे वेगळे पान आहे आणि महिन्याचा हिशेब मी त्या पानापासून सुरू करतो.